मॅरीड, पण बायको नॉन-रेसिडेंट

ज्या माणसानं माझ्या प्रेशर कुकरच्या दांड्यावर पिवळं स्टिकर चिकटवलं, माझ्या नवऱ्याच्या कोऱ्या गाडीच्या दारावर चिकटवलं आणि एकदा तर पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंच्या सुटकेसवरही चिकटवलं, त्या माणसाबद्दल मी चार शब्द चांगले लिहावेत असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. चार जमतील. बाकीचे मी माझ्या मनाचे लिहिणार.

ग्वेल्फमध्ये आम्ही ज्यांच्या बेसमेंटमध्ये सहा वर्षं काढली ते हे घरमालक. मूळचे अमरावतीचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि ते मला नाव असूनही ‘पुणेवाली’ म्हणायचे. केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. लाइनवरून गाडी आली की दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीवरून अंगठा फिरवायचा. फट कमीजास्त लागली की पिवळं स्टिकर लावायचं, म्हणजे ती गाडी होल्डवर. सगळं ठीक असलं तर तोंडानं म्हणायचं, “पास.” आयुष्यभर हेच केलं. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, यांनी स्टिकरांचे चार रोल मागून आणले.

आणि ते रोल आमच्यावर संपवले. मी वॉशरूमची टाइल पुसली की हे अंगठा फिरवून बघणार. नवऱ्यानं ड्राइव्हवे शोव्हल केला की हे टोपी घालून बाहेर येणार आणि कडा पुन्हा सरळ कापणार. “बर्फच आहे ना काका, उद्या वितळेल,” असं तो एकदा म्हणाला, तर उत्तर मिळालं, “वितळन तेव्हा वितळन. आज तं वाकडा आहे ना!” नोव्हेंबर लागला आणि विंटर टायर लावलेले नसले की गाडीच्या काचेवर पिवळं स्टिकर. भाजी नेऊन दिली की चव घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “चालन.” सहा वर्षांत या माणसानं माझ्या एकाही गोष्टीला ‘पास’ म्हटलं नाही. एकदाही नाही! मी इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन मिळवलेली बाई आहे, सांगून ठेवते.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागायचं. “लहान चूक नसते वो. लहान आपला डोया असते.” पहिल्यांदा ऐकलं आणि डोया म्हणजे डोळा हे कळलं तेव्हा मला फार आवडलं होतं. नंतर ते ऐकलं की दात शिवशिवायला लागायचे.

काकू अमरावतीला असायच्या. यांनी दोन वर्षांसाठी म्हणून कॅनडा धरला होता आणि त्याची चोवीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. काकूंचा डबे देण्याचा उद्योग होता, हाताखाली चार बाया, आणि त्या चौघींचे संसार त्या डब्यांवर चाललेले. काकू एकदाच, पाहुण्या म्हणून, अकरा दिवसांसाठी इथे येऊन गेल्या. जानेवारीत. बाराव्या दिवशी परत निघाल्या तेव्हा म्हणाल्या म्हणे, “तुमच्या इथं दिवसभरात कोनी दार वाजवत नाही. मानूस मेला तं वासानं समजन.”

पण म्हणून त्यांच्यात काही बिनसलं होतं म्हणाल, तर मुळीच नाही. रोज सकाळी सात वाजता काकांचा फोन साखरेच्या डब्याला टेकून उभा राहायचा. तिकडे संध्याकाळच्या डब्यांची घाई असायची. काकू पोळ्या लाटायच्या, काका चहा प्यायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. मध्येच एखादं “मीठ टाकलं का?” आणि त्यावर “पंचवीस वर्षं झाले, टाकूनच राहिली.” हीटिंगच्या पाइपातून वरच्या किचनचा प्रत्येक आवाज आमच्या बेसमेंटमध्ये उतरायचा. पहिल्या महिन्यात तर तीन वेळा माझी डाळ कच्ची राहिली, कारण वरून काका ओरडायचे, “तीन शिट्ट्या झाल्या, बंद कर!” आणि मी माझा कुकर बंद करायचे. शिट्ट्या अमरावतीच्या होत्या. मी वर जाऊन तक्रार केली, तर त्यांनी खाली येऊन माझ्या कुकरचा दांडा हलवून पाहिला आणि तो सैल आहे म्हणून स्टिकर लावलं.

खरा छळ एप्रिलमध्ये. मी आमचं टॅक्स रिटर्न घरीच कॉम्प्युटरवर भरते हे त्यांना कळलं आणि माझ्या कपाळी त्यांचंही रिटर्न आलं. मी काही टॅक्सवाली नाही. पण आपल्या लोकांत एकानं एकदा स्वतःचा फॉर्म भरला की तो साऱ्या गावाचा कारकून होतो.

काका फाइल घेऊन खाली यायचे, खुर्ची ओढायचे, अंगठ्यानं टेबलाची कड तपासायचे आणि म्हणायचे, “वाच.” पहिलाच प्रश्न वैवाहिक स्थितीचा. मॅरीड, लग्नाशिवाय सोबत राहणारे, विधुर, घटस्फोटित, सेपरेटेड, सिंगल. दरवर्षी सहाच्या सहा पर्याय मोठ्यानं वाचून घ्यायचे, जणू मागच्या वर्षीपासून सरकारनं सातवा घातला असेल. मग म्हणायचे, “मॅरीड.”

मॅरीड म्हटलं की पुढची पानं उघडायची. बायको कॅनडाची रहिवासी आहे का? नाही, म्हणजे नॉन-रेसिडेंट. तिचा टॅक्स नंबर? नाही, म्हणजे नऊ शून्यं. तिचं उत्पन्न? आता काकूंचं उत्पन्न एका वहीत, वही अमरावतीला आणि वहीत आमटीचे डाग. टॅक्स खात्याचं पत्र यायचं, या उत्पन्नाचा पुरावा द्या. मग माझे दोन शनिवार त्या वहीची पानं इंग्रजीत करण्यात जायचे. काकू फोनवर माझ्यावर ओरडायच्या, काका वरून काकूंवर ओरडायचे, आणि मी मध्ये.

शिवाय यांचं भांडण निराळंच. “नॉन-रेसिडेंट कशी?” ते विचारायचे. “रोज सकायी माह्या किचनमदी असते ते. तू खाली ऐकतं ना?”

“काका, फोनमध्ये असतात त्या. कायद्यानं इथे राहत नाहीत.”

“मंग मीच तिथं रायतो असं लिव्ह.”

“तुम्ही इथे राहता! हे माझ्यासमोर बसलेले कोण आहेत मग?”

महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनीही त्यांना सांगून पाहिलं होतं. एकानं तर गणपतीच्या जेवणाच्या रांगेत सल्ला दिला, “काका, सेपरेटेड लिहून टाका. बायकोची पानंच येत नाहीत. कोण विचारतंय?” काकांनी हातातली ताटली खाली ठेवली. “आमचं भांडन झालं का? कवा झालं? तुमी होते का तिथं?” तो बिचारा जिलबी न घेताच रांगेतून गेला. आणि कायदा काकांच्या बाजूनं होता, हे मी त्याच रात्री घरी येऊन वाचलं. संबंध बिघडून वेगळे झाले तरच सेपरेटेड. नुसतं दूर राहणं त्यात बसत नाही.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोक माझी बाजू घ्यायला लागतात.

चौथ्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला ढालीसारखं झाकण. फाइल घेऊन खाली आले, खुर्चीची पाठ चाचपून बसले. स्क्रीन त्यांना दिसत नव्हती. मागच्या वर्षीचं खुलाशाचं पत्र अजून माझ्या टेबलावर होतं. काकूंनी या वर्षीची वही पाठवली नव्हती, चार वेळा मागूनही. मी पर्याय मोठ्यानं वाचले. “मॅरीड,” ते म्हणाले. आणि मी सेपरेटेडवर क्लिक केलं.

कारण काही नाही. वैताग. क्लिक केल्याबरोबर बायकोची सगळी पानं नाहीशी झाली आणि रिटर्न वीस मिनिटांत संपलं.

“मॅरीड केलं ना?” त्यांनी विचारलं.

“केलं, काका.”

“एवढ्या लवकर?”

“या वर्षी सिस्टिम सुधारली आहे,” मी म्हणाले. त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि वर गेले. पुढच्या वर्षी मी निमूटपणे पुन्हा मॅरीड केलं, वही इंग्रजीत केली, दोन शनिवार घालवले. झालं गेलं गंगेला मिळालं, असं मला वाटलं.

मग आम्ही त्याच गावात आमचं छोटं घर घेतलं आणि बेसमेंट सोडलं. सुटले, असंच मी तेव्हा म्हटलं होतं, आणि खोटं नाही बोलत, पहिले तीन महिने सुटल्यासारखंच वाटलं. मग एके सकाळी काकांचा फोन आला. आवाज असा, की मी आधी खुर्चीत बसले.

“पुणेवाली, ते येतो म्हणते.”

काकूंचा गुडघा गेला होता. चार बायांपैकी थोरली आता तयार झाली होती, तिच्या हवाली उद्योग केला आणि काकू म्हणाल्या, करा कागद. चोवीस वर्षांनी! काकांनी कागद केले. म्हणजे मी केले, ते शेजारी बसून स्टिकरं लावत होते. नवऱ्यानं बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज पंचवीस पानांचा, त्यातली अकरा पानं स्टिकरांनी पिवळी झाली. अर्ज गेल्यावर त्यांनी वरच्या खोलीला रंग दिला. सहा नंबरचे बायकी स्नो-बूट आणले, दोन वेळा बदलून आणले, कारण डाव्या बुटाची शिवण वाकडी होती. दाराला बाहेरून एक घंटी होतीच, तिच्या शेजारी लोखंडी कडी बसवली. “कोनी वाजवायले आलं तं,” म्हणाले.

सात महिन्यांनी इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं. काका ते घेऊन माझ्या दारात उभे. बाहेर उणे पंधरा, आणि यांच्या कोटाची बटणं उघडी. पत्रात लिहिलं होतं की अमुक वर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये आपण स्वतःला सेपरेटेड जाहीर केलेलं आहे. तेव्हा हे लग्न खरोखर टिकून आहे का, याचा खुलासा तीस दिवसांत करावा, नाहीतर हातात असलेल्या कागदांवरून निर्णय होईल.

मी ते वाचलं. तिकडे काकूंनी भाड्याचं घर सोडण्याची नोटीस दिलेली, उद्योग दुसरीच्या नावावर केलेला. अर्ज फेटाळला तर त्या ना इथल्या, ना तिथल्या.

“पाहा,” काका म्हणाले, “कॉम्प्युटरनं काय करून ठेवलं! मी तं कधी असं लिहिलं नाही. तू होतीस ना? तू सांग त्यायले. मशीन चुकली म्हणून सांग.”

मशीन चुकली म्हणून सांगणं फार सोपं होतं. त्यांनी विश्वासही ठेवला असता. मी म्हणाले, “काका, मशीन नाही चुकली. मी केलं ते. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला त्या वहीचा कंटाळा आला होता. तुम्ही मॅरीड म्हणालात आणि मी सेपरेटेड केलं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं.”

काकांनी माझ्या डायनिंग टेबलाच्या कडेवरून अंगठा नेला, परत आणला. मग खिशातून स्टिकरांचा रोल काढला आणि एक सोडवलं. मला वाटलं, आता माझ्या कपाळाला लावणार. लावलं असतं तर मी लावून घेतलं असतं. त्यांनी ते स्वतःच्या चष्म्याच्या डबीला लावलं.

“प्लांटमदी एक कायदा होता,” म्हणाले. “वाकडं करनारा येगळा आन् पास करनारा येगळा. गाडी बाहेर गेली तं नाव पास करनाऱ्याचं लागते. मी न पाहता पास केलं.”

“काका, तुम्हाला दिसत नव्हतं!”

“तं होल्ड करा लागत होतं. डोया बरा होईपर्यंत.”

झालं! आता या माणसाशी भांडण कशावरून, तर गुन्हा कोणाचा यावरून. मी म्हणाले, खुलाशात माझं नाव लिहायचं, मी सही करते, खोटं मी बोलले. ते म्हणाले, अजिबात नाही, माझं रिटर्न, माझं नाव. दोन दिवस हाच वाद. तीस दिवसांतले दोन दिवस! माझा नवरा मध्ये पडला तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. शेवटी काकूंनीच फोनवरून निकाल दिला: “दोघंही लिव्हा. दोघंही बिनडोक आहात.” म्हणून दोन पत्रं गेली. एकात मी लिहिलं की मी जाणूनबुजून चुकीचा रकाना निवडला आणि यांच्यापासून लपवलं. दुसऱ्यात काकांनी लिहिलं की मी तपासलं नाही. त्या वर्षीचं रिटर्न दुरुस्त केलं. सेपरेटेड म्हणून सरकारकडून जास्तीचं जे काही आलं होतं, ते काकांनी मागणी येण्याआधीच परत धाडलं.

पण लग्न टिकून आहे याचा पुरावा काय? यांनी एकमेकांना पत्रं लिहिलेली नाहीत. मेसेज नाहीत. फोटो मोजून नऊ, त्यातले सात काकूंच्या अकरा दिवसांतले आणि सगळ्यांत स्वेटरची टोपी तोंडावर. मी अक्षरशः डोकं धरून बसले. तेव्हा काका घरी गेले आणि बुटांचं एक खोकं घेऊन आले. हेच खोकं फेकून द्या म्हणून मी सहा वर्षं त्यांच्या मागे लागले होते, कारण ते माझ्या कपाटाची जागा अडवायचं.

आत फोनकार्डं होती. स्मार्टफोन यायच्या आधीची, खरवडून नंबर काढायची ती जुनी कार्डं. शेकड्यांनी, वर्षावार, रबर लावलेली. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर तारीख आणि बारीक अक्षरात एक ओळ. ‘गहू महाग.’ ‘ताप उतरला.’ ‘डबे चाळीस झाले.’ ‘बोलली नाही, रागावून आहे.’ आणि पुढच्या कार्डावर ‘बोलली.’

मी त्या ओळी इंग्रजीत करायला बसले. दोन नाही, चार शनिवार गेले. ‘रागावून आहे’वर मी अडकले. हे पाठवावं का, की खातं म्हणेल, बघा, भांडण होतं? काकांना विचारलं. “धाड,” ते म्हणाले. “खरं आहे ते.” धाडलं. त्या चार शनिवारी मी या माणसाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या आणि किती वेळा नाक पुसलं, याचा हिशेब नाही.

पाच महिन्यांनी काकू आल्या.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं. पण दोन हिवाळे होत नाहीत तोच दोघंही माझ्याकडे आले, काकू पुढे, काका मागे, हातात तीच फाइल. काकू म्हणाल्या, “आम्ही वापस चाललो. दोघंही. कायमचे.”

मी किंचाळलेच. “काकू! माझे चार शनिवार! ते बूट! ती कडी!”

“कडी वाजवली का कोनी दोन वर्षांत?” काकूंनी विचारलं. “एकदा पिझ्झावाला, तोही शेजारच्याचा. मी दोन वर्षं याच्या घरी राहून पायलं. आता यानं माह्या गावी राहून पाहाव.”

काका भिंतीकडे बघत होते. कान लाल झाले होते, पण ओठ आवरत नव्हते. त्यांना एवढं खूश मी आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि मला इतका संताप आला म्हणता! चोवीस वर्षं हे जमत नव्हतं का? आधीच गेले असते तर त्या वह्या, ती पत्रं, ते खोटं, काहीच झालं नसतं. हे मी बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, “मले कोनी न्यायले नव्हतं आलं ना वो.”



देश सोडून जाणाऱ्याचं शेवटचं रिटर्न कागदावर भरून पोस्टानं धाडायचं होतं. दोघांची दोन. मी मोठ्यानं सहाच्या सहा पर्याय वाचले, न सांगता. “मॅरीड,” दोघंही म्हणाले. मग देश सोडण्याची तारीख. काकांनी विचारलं, “या तारखेनंतर मी कोन?”

“नॉन-रेसिडेंट.”

“आन् हे?”

“काकूही नॉन-रेसिडेंट. तुमच्याच तारखेपासून.”

“म्हनजे दोघं एकच?”

“हो काका. दोघं एकच.”

त्यांनी दोन्ही रिटर्नं माझ्यापुढून उचलली. काकूंचं पान आपल्या पानावर ठेवलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि तारखेवर तारीख बसते का ते बघितलं. बराच वेळ. मग चारी कडांवरून अंगठा फिरवला. मी दुसरा हात बघत होते, तो खिशाकडे जातो का ते.

“पास,” काका म्हणाले.